नेटलची जागा

डेस्मंडला मी पुढच्या सीटवर ठेवलं आणि गाडी कोकलायला लागली. पट्टा लावा, पट्टा लावा. राखेचं वजन ते किती असणार, पण गाडीला वाटलं माणूस बसलाय. शेवटी मी त्याला पट्टा लावला. उभा जन्म मी लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला. पट्टा न लावणाऱ्याच्या हातात मी कधी किल्ली दिली नाही, आणि नवरा मेला म्हणून काही नियम बदलत नाहीत.

तो एप्रिलमध्ये गेला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. चहा करते आणि तो ओट्यावरच गार होतो. आणि त्यात ते नळकांडं. दहनगृहातून त्याची राख पुठ्ठ्याच्या एका उंच नळकांड्यात आली, आणि त्यावर ब्लूबेलच्या फुलांचं रान छापलेलं. लांबून छान दिसतं. जवळून बघितलं तर फुलं स्पॅनिश! आमच्याकडची इंग्रजी ब्लूबेल एका बाजूला मान टाकते, तिच्या घंटा सगळ्या एकाच अंगाला. ही आपली ताठ उभी, चारी बाजूंना घंटा लटकवून. हे मला डेस्मंडनेच शिकवलं. तो जिवंत असता तर स्वतःचंच नळकांडं बदलून आणायला गेला असता.

आधी मी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, मग कपड्यांच्या कपाटात, मग बागेतल्या शेडमध्ये, तिथे गारठा म्हणून परत आत. शेवटी तो गाडीतच असायचा.

त्याला टेकडीवर सोडायचं हे नक्की होतं. पण आमच्या टेकडीवर राख टाकायला बंदी आहे, आणि टेकडी राखणाऱ्या आमच्या हौशी मंडळीत ती बंदी घालणारा डेस्मंडच होता.

ही खडूची टेकडी आहे. वर बोटभर माती, खाली नुसता पांढरा खडू. तिला उपाशी ठेवावं लागतं. उपाशी असली की तिच्यावर फुलंच फुलं येतात, नखाएवढी, नाक जमिनीला लावल्याशिवाय न दिसणारी. पोटभर मिळालं की दोनचार दांडगी गवतं माजतात आणि बारक्यांना चिरडून टाकतात. म्हणून मेंढ्या सोडायच्या, म्हणून सप्टेंबरात गवत कापायचं आणि कापलेली शेवटची काडीसुद्धा दाताळ्याने ओढून न्यायची, तिथे कुजू द्यायची नाही. पलीकडच्या शेतकऱ्याने आपला उतार खत घालून सुधारला, तर तिथे आता नुसतं गुळगुळीत हिरवं गवत आहे. 'सुधारलेली जमीन' ही डेस्मंडच्या तोंडची शिवी होती. आणि माणसाची राख म्हणजे खतच की. हाडांमधलं सगळं फॉस्फेट. एकदा त्या मातीत गेलं की ते आपल्या हयातीत काही निघत नाही.

म्हणून फाटकाशी त्याने स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'कृपया इथे राख विखुरू नये. फुलांना ती सोसत नाही.' मांजराचीही नाही, असं तो तोंडी सांगायचा.

एकदा एक कुटुंब सापडलं. आई, बाप, दोन मोठी मुलं, हातात डबा आणि शँपेनची बाटली. डेस्मंड दुर्बिणीतून बघत होता. तो चष्म्याच्या दुकानातला माणूस, सगळं जग भिंगातून बघायचं. तो उतारावरून धावतच सुटला, आणि मी त्याच्यामागे.

"आमच्या आजीला ही टेकडी फार आवडायची हो," ती बाई रडवेली होऊन म्हणाली.

"आवडायची ना? मग तिच्याच हातून मारायला का निघालात टेकडीला?"

"एवढीशी तर राख—"

"टाकायचीच असेल तर तिकडे खाली न्या. त्या नेटलमध्ये."

मुलगा पुढे झाला. "आमची आजी काय कचरा आहे का?"

ते गेले. बाटली न उघडताच गेले. परतताना मी गाडीत डेस्मंडला म्हटलं, "माणसात आहेस का रे तू?" तो घर येईपर्यंत भिंग पुसत बसला.

ती नेटल म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी, कुंपणालगत, एका हॉथॉर्नच्या झाडाखाली माजलेलं छातीएवढं रान. पान अंगाला लागलं की खाजकुइलीसारखी आग होते. आमचं कापलेलं गवत वर्षानुवर्षं आम्ही तिथेच ओढून टाकायचो, त्याची रास कुजायची, मग नेटल माजणारच. कुणी नवखा म्हणाला, "हे काढून टाकूया का?" की डेस्मंड म्हणायचा, "फुलपाखरांच्या अळ्या खातात ती, राहू दे." घरातसुद्धा ती नेटल आमच्या तोंडी बसली होती. मोडकं दाताळं, शिळा पाव, माझ्या बहिणीने पाठवलेला स्वेटर, सगळ्याला त्याचं एकच: टाक नेटलमध्ये.

इस्पितळातही तेच. शेवटच्या संध्याकाळी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "रॉझ, मला नेटलमध्ये टाक."

मी म्हटलं, "बरं. आणि तुझा चष्मा?"

"तोही," म्हणाला, हसला आणि झोपला. तो मग उठलाच नाही.

चेष्टाच ती. मरतानाही चेष्टा करणारा माणूस, त्याला मी कचऱ्याच्या राशीवर टाकू? मी ठरवलं होतं की त्याला वेण्यांमध्ये ठेवायचं. वेणी म्हणजे आमच्या वरच्या उतारावर उन्हाळा सरताना येणारं ऑर्किड. बोटभर दांडा आणि त्याला पीळ देत वर चढणारी पांढरी बारीक फुलं, कुणी घाईघाईने वेणी घातल्यासारखी. पहिल्यांदा तो मला टेकडीवर घेऊन गेला तेव्हा आम्ही दोघंही चांगले पिकलेले होतो, मी एक घटस्फोट पचवून बसले होते. चालता चालता तो एकदम ओरडला, "रॉझ, पाय उचलू नकोस!"

मी थिजले. "साप?"

"वेणी."

मला काही दिसेना. त्याने माझी मान धरून खाली वाकवली. आधी एक दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी. आणि मग डोळे उघडल्यासारख्या सगळ्याच दिसायला लागल्या, माझ्या बुटांच्या चहूकडे. मी एका पायावर उभी आणि तो मला धरून. त्या क्षणी मी या माणसाच्या प्रेमात पडले, दुसरं काही कारण नाही.

तेव्हा नियम गेला खड्ड्यात. वेण्यांमध्येच ठेवायचा त्याला. पण नळकांडं घेऊन फाटकापर्यंत जायचे, ती पाटी दिसायची, आणि गाडी वळवून घरी. कितीदा तरी. स्वतःचाच इतका राग यायचा की घरी येऊन मी भांडी आपटायचे.

मंडळींनी जमून गवत ओढायचा शनिवार आला. ठरवलं, आज सगळे असताना, चहाच्या वेळी, गुपचूप. नळकांडं पाठपिशवीत घातलं आणि वर गेले.

नॉर्मन आधीच दाताळं घेऊन हजर. हा आमचा निवृत्त दातांचा डॉक्टर, डेस्मंडचा जुना दोस्त. "काय गं रॉझ, पिशवीत काय? केक?"

"तुला काय करायचंय?"

"विचारलं आपलं. गेल्या वेळचा केक खाऊन माझा एक भरलेला दात निसटला, म्हणून जपून राहायला."

दुपारपर्यंत ओढलं. हातांना फोड आले, पण हात चालू असले की बरं वाटतं. मग टॅम्सिनने सगळ्यांना बोलावलं. ही टेकडी सांभाळणाऱ्या संस्थेची नवी मुलगी, वयाने माझ्या नातीएवढी, गळ्यात भिंग. ती राशीसमोर उभी राहून म्हणाली, "सोमवारी जेसीबी येतोय. ही नेटल आणि खालची सगळी काळी माती खरवडून काढायची, पार पांढऱ्या खडूपर्यंत. मग इथे पुन्हा फुलं येतील. आणि त्या जागेला आपण डेस्मंडचं नाव देणार आहोत." तिने माझ्याकडे बघितलं. "रॉझ, तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली?" मी म्हटलं. "मला तो उकिरडा कधीच आवडला नव्हता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्मनने नाक शिंकरलं.

ते चहाला बसले तेव्हा मी वर सटकले. उतारावर गुडघे टेकले. नळकांड्याचं झाकण फिरवलं. खाली नुसतं आखूड गवत दिसत होतं. मी म्हटलं, पटकन, रॉझ, बघू नकोस, ओत. आणि तेवढ्यात एक दिसली. माझ्या गुडघ्याच्या जवळ, किंचित वाकलेली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्या. नळकांडं मी तिरकं केलं होतं, पण हात पुढे जाईना. त्याने उभा जन्म ज्यांना जपलं त्यांना मी त्याच्याच राखेने मारायला बसले होते. आणि त्याला सोडलं नाही तर मी अशीच गाडीत घेऊन फिरत राहणार, वेडी होईपर्यंत. मी झाकण लावलं आणि चहा न घेता घरी गेले.

रविवारी त्याच्या बहिणीकडे गेले. ऑड्री, सगळ्यांत मोठी, सीफर्डला समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात राहते. तिचे कान गेलेत, पण तिची जीभ अजून धारदार आहे. मला नुसतं कुणावर तरी ओरडायचं होतं.

"अजून घेऊन फिरतेस त्याला?" तिने दारातच विचारलं.

"मग काय करू? वेण्यांमध्ये टाकवत नाही. घरात ठेवून बघवत नाही."

"तो काही बोलला नव्हता?"

"बोलला! मला नेटलमध्ये टाक म्हणाला."

"मग टाक की."

"अगं, चेष्टेत! तो सगळ्याच गोष्टींना—"

"चेष्टा कसली गं?" ऑड्रीने विणकाम मांडीवर ठेवलं. "आई आहे तिथे."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. "कुणाची आई?"

"आमची. दुसरी कुणाची? तुमचं लग्न व्हायच्या कितीतरी आधी. त्या झाडाखाली बसून ती अंड्याचं सँडविच खायची. तेव्हा तिथे नेटल नव्हती, सगळी पिवळी फुलं आणि ते थरथरतं गवत. आम्ही दोघांनी तिला तिथे सोडलं, वर अर्धी बाटली शेरीही ओतली. डेसला तेव्हा फुलातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"आणि?"

"दुसऱ्या वर्षी तिथे हे एवढं हिरवंगार गवत. खुश झाला. म्हणाला, ऑड्री, बघ आई कशी मस्त उगवलीय. मग पिवळी फुलं गेली. मग नेटल आली. तेव्हा तो पुस्तकं आणून वाचायला लागला, असं का झालं म्हणून. आणि एक दिवस मला फोन करून रडला. म्हणाला, मी आईच्या आवडीची फुलं मारली, तीही आईच्याच राखेने." ती थांबली. "म्हणून तर तो त्या टेकडीच्या मागे लागला ना. तुला काय वाटलं?"

मला वाटलं होतं त्याला फुलं आवडतात.

"मला का नाही सांगितलं त्याने?" माझा आवाज चढला. "मी बायको होते त्याची!"

"तुला कसं सांगणार? इंडिकेटर द्यायला विसरला तर तू आठवडाभर ऐकवायचीस."

मी गाडीत येऊन बसले आणि किल्ली फिरवलीच नाही. एकेक गोष्ट आपोआप जागेवर यायला लागली. कापलेल्या गवताची रास त्याने मुद्दाम तिथेच लावायला सांगितली, म्हणजे नेटल का माजली हे कुणी विचारणार नाही. त्या कुटुंबाला तो हाकलत नव्हता. आधीच वाया गेलेली एकच जागा होती टेकडीवर, ती त्याने त्यांच्या आजीला देऊ केली होती. आपल्या आईच्या शेजारी. आणि मी त्याला विचारलं, माणसात आहेस का. आणि मला तो सगळं सांगून गेला होता, स्पष्ट शब्दांत, आणि मी म्हटलं, आणि तुझा चष्मा?

मग राग आला. एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपून शेवटी आईकडेच. आणि मग आठवलं की उद्या सोमवार.

सकाळी मी पोचले तेव्हा जेसीबी फाटकातून आत आला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी गवतावर घातली. नळकांडं काखेत मारलं आणि नेटलच्या पुढे जाऊन उभी राहिले. चालकाने यंत्र बंद केलं. टॅम्सिन धावत आली, नॉर्मन तिच्या मागे.

खरं सांगते, खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. अळ्या सापडल्या, पाखराचं घरटं आहे, काहीही. कारण खरं सांगितलं तर डेस्मंड पेनफोल्ड हे नाव, ज्याला टेकडीवर सगळे वचकून होते, ते हसण्यावारी जाणार. पाटी लावणाऱ्यानेच पहिली राख टाकली. पण त्या घरट्यावर विश्वास ठेवून टॅम्सिनने काम फार तर आठवडाभर पुढे ढकललं असतं. म्हणून मी सगळं सांगितलं. आई, शेरी, इस्पितळ, सगळं.

नॉर्मनचं तोंड उघडंच राहिलं. "डेस? आमचा डेस?" आणि मग तो हसायला लागला, पोट धरून. "माझ्या कुत्र्याची राख टाकू दिली नाही मेल्याने! तासभर फॉस्फेटवर भाषण दिलं मला!" आणि हसता हसताच त्याचे डोळे वाहायला लागले. "मेल्याने," तो पुन्हा म्हणाला.

टॅम्सिन हसली नाही. "रॉझ, तुम्ही मला हे सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं. मी त्या पाटीच्या विरुद्ध कशी वागू? शिवाय नेटल पसरते. ही टेकडी जपणं हेच माझं काम आहे."

"त्याचंही तेच होतं," मी म्हटलं. "म्हणून तर त्याने इथे मागितलं. तो वर वेण्यांमध्ये मागू शकत होता. मी दिलंही असतं."

मग तिची नजर माझ्या काखेकडे गेली आणि कपाळाला आठी पडली. "ही ब्लूबेल स्पॅनिश आहे."

"माहीत आहे."

"त्याला चाललं असतं?"

"पोरी, तो या नळकांड्यात पडून एप्रिलपासून ओरडतोय."

तिने भिंग हातात घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं. मग चालकाकडे जाऊन त्याच्याशी बोलली. गवताची रास आणि तिच्या भोवतीची नेटल खरवडायची. झाडाखालचा जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा ठेवायचा. नेटल त्याच्या बाहेर आली तर दरवर्षी कुणीतरी उपटायची.

"कुणी?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आणखी कोण?"

मी हातमोजे आणले नव्हते. नेटल छातीला लागत होती, ती हातांनी बाजूला सारत मी झाडापर्यंत गेले. दोन्ही हातांना आग लागली. झाकण फिरवलं. वारा नव्हता. तो सरळ खाली गेला, करडा, वाळूसारखा जड.

"आला बघा तुमचा," मी न पाहिलेल्या सासूला म्हटलं. "झोपताना मोजे काढत नाही. आणि काही सांगत नाही. विचारावं लागतं, आणि मी विचारलं नाही."

बाहेर आले तेव्हा नॉर्मन डॉकचं रुंद पान घेऊन उभा होता. नेटल लागली की हे पान चोळायचं हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. "चोळ, चोळ. डेस म्हणायचा याचा काही उपयोग नसतो, पण चोळ."

"नको," मी म्हटलं. "होऊ दे आग."

"अगं, हात सुजलेत तुझे."

"नॉर्मन, तिथे अजून एकाला जागा आहे. लक्षात ठेव. माझी वेळ आली की ऑड्री नसेल सांगायला."

त्याने मान हलवली आणि पान खिशात घातलं.

मी गाडीत बसले. मागे जेसीबी सुरू झाला होता, रास उचलत होता, आणि काळ्या मातीखालून खडू पांढराशुभ्र दिसायला लागला होता. मी किल्ली फिरवली. शेजारच्या सीटवर पट्टा लावलेलाच होता, सकाळी घाईत मी नळकांडं त्याच्या खालून तसंच ओढून घेतलं होतं. मी हात पुढे केला, पट्टा काढायला, आणि नाही काढला. गाडी गप्प होती. तिथेच गवतात गाडी उभी ठेवून, सुजलेल्या हातांनी स्टिअरिंग धरून मी रडले, एप्रिलपासून राहिलेलं सगळं. कुठेही जायची घाई नव्हती.